बाटलीतलं पेट्रोल

लग्नाच्या आधी मी पुसदला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. आर्णीजवळच्या ज्या गावात मी सून म्हणून आले, तिथे त्या शिक्षणाचा काही उपयोग होईल असं कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. उपयोग झाला तो माझ्या धाकट्या दिरांना. त्यांना गाडीत शेजारी बसून लॅपटॉप सांभाळणारं माणूस पाहिजे होतं.

भाऊजी पुण्याला इंजिनांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं होते. सासरे अचानक गेले, माझे मिस्टर पुसदला शाळेवर, म्हणून शेती पाहायला ते परत आले. येताना एक जुनी, लहानशी पेट्रोल गाडी घेऊन आले. दिसायला ती कोणत्याही मास्तराच्या गाडीसारखी होती. पण तिच्या इंजिनाला नागपूरच्या भंगारातून आणलेला, एका परदेशी गाडीचा टर्बो बसवलेला होता, आणि मूळचा कॉम्प्युटर काढून भाऊजींनी स्वतः जोडलेला दुसरा लावला होता. घाटातल्या शर्यतीत ती उतरवायची असं त्यांच्या मनात होतं. शर्यत कुठे आणि केव्हा, ते कधी सांगायचे नाहीत. आधी जुळू तर द्या, एवढंच म्हणायचे. माझे मिस्टर शनिवारी घरी आले की हसायचे, पण मला नको म्हणाले नाहीत. तुले समजते ना त्यातलं, मग बस त्याच्यापाशी, असं त्यांनीच सांगितलं.

सासूबाईंना मात्र ती गाडी अंगणातसुद्धा नको होती. त्यांचं कारण मला लवकरच कळलं. ती कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंगसमोर बैलगाड्या दिवस-दिवस उभ्या असायच्या, आणि गावागावात घराच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचा डबा असायचा. एखादा माणूस जेवायच्या वेळेला परतला नाही तर घरचे आधी विहिरीत डोकावायचे, मग शेताकडे जायचे. रस्त्यावरून गाडी सुसाट गेली की ओसरीवरची बाई आतल्या बाईला सांगायची, गाडी गेली. आतून प्रश्न यायचा, "कोनं घेतलं?" काय घेतलं, ते विचारावं लागत नसे.

आम्ही गाडीची चाचणी घ्यायला माहूरच्या रस्त्याने जोरात निघून गेलो की परत येईपर्यंत पाराजवळ चार-सहा माणसं गोळा झालेली असत. गाडी हळू झाली की ती वाकून मागच्या सीटकडे पाहत. मागे कोणी नाही असं दिसलं की पुन्हा बसत. भाऊजी त्यांच्याकडे बघायचे नाहीत. मला मात्र ते वाकणं दरवेळी दिसायचं.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. ते किती द्यायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे लॅपटॉपवरच्या दोन तक्त्यांत लिहिलेलं असायचं. चौकटी-चौकटींचे तक्ते, मी क्लासमध्ये पोरींना शिकवायचे तसलेच. धुराच्या पाइपात एक सेन्सर होता. एक भाग पेट्रोलबरोबर किती भाग हवा जळते आहे ते त्यावरून मला कळायचं. टर्बोचा दाब चढलेला असताना तो आकडा बाराच्या खाली राहायला हवा. तेराकडे सरकला की पेट्रोल कमी पडतंय आणि आतली आग नको तेवढी तापतेय असं समजायचं. ठिणगीचंही तसंच. जरा लवकर टाकली तर गाडी उसळते. आणखी लवकर टाकली तर मिश्रण ठिणगीचं ऐकत नाही, दुसऱ्याच कोपऱ्यातून आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घण बसावा तसा घाव बसतो. त्याला नॉक म्हणतात. भाऊजी म्हणायचे, नॉक म्हणजे इंजिनाचं खोकणं नाही, इंजिनाचं रक्त पडणं आहे.

तो आवाज ऐकायला त्यांनी एक युक्ती केली होती. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून इंजिनाला बोल्टने आवळलं, दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी जोडून ती गाडीच्या आत आणली आणि तिला डॉक्टर लावतात तो स्टेथोस्कोप जोडला. तो माझ्या कानात असायचा. गाडी चढाला लागली की आधी नुसता खोल घुमारा ऐकू यायचा. मग कधीतरी त्या घुमाऱ्याच्या आत, पत्र्याच्या डब्यात चार हरभरे हलवावेत तसं काहीतरी वाजायचं. मी हात वर करायचे, भाऊजी पाय काढायचे. रस्त्याच्या कडेला थांबून त्या जागची ठिणगी मी थोडी उशिरा करायचे आणि आम्ही पुन्हा तोच चढ चढायचो. पुढे पुढे तो आवाज मला भाकरी थापतानाही ऐकू यायला लागला. हात थांबायचा. मग कळायचं, शेजारी कोणीतरी तूर पाखडतंय.

दिवाळीनंतर एकदा भाऊजींनी प्लग काढून मला उन्हात दाखवला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर अगदी बारीक, चकचकीत ठिपके होते, राळ्याच्या दाण्याहूनही बारीक.

"हे काय आहे, भाऊजी?"

"पिस्टन आहे," ते म्हणाले. "पिस्टनचं ॲल्युमिनियम. वितळून उडून राह्यलं."

मी म्हटलं, मग आता बंद करा. ते म्हणाले, अजून वेळ गेली नाही, फक्त आता चांगल्या पेट्रोलशिवाय चालवायची नाही आणि ठिणगीच्या बाबतीत हाव करायची नाही. त्यांनी प्लग पुसला आणि परत बसवला. त्या ठिपक्यांबद्दल घरात कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही.

आमच्या शेतात वेचणीला बंजारा तांड्यावरच्या बाया यायच्या. त्यांच्यात एक वयस्क बाई होती. तांड्यावरचे सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई, म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो. तिचे केस पांढरे होते आणि वेचण्याचा हात सगळ्यांत चपळ. गाडीला ती फार हसायची. बापू, एवढी ओरडते तर दूध किती देते, असं भाऊजींना विचारायची.

ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी आम्ही दुपारभर चढावर फेऱ्या मारून परत आलो होतो. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. लोडशेडिंगमुळे जवळचा पंप बंद होता; वीज आल्यावर जाऊ, असं ठरवून आम्ही गाडी शेताच्या फाटकाशी लावली. लॅपटॉप अजून माझ्या मांडीवरच होता. तेवढ्यात धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, बायांचा गलका ऐकू आला आणि मग एकदम बंद झाला. तो बंद झाला म्हणून मी वर पाहिलं.

चौघीजणी याडीला धरून आणत होत्या. झाडाखाली वेचलेल्या कापसाचा ढीग होता. याडीने तो सारखा करायला हात घातला आणि आत नाग होता. सगळ्यांनी तो पाहिला होता, फणा काढून वखराच्या सरीने निघून गेला होता. याडी स्वतःच्या पायांनी चालत होती. आपला हात ती दुसऱ्या हाताने असा धरून होती की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि सांडू नये. तिच्याबरोबर तिची जाऊ होती. जावेच्या कमरेला वेचणीची झोळी तशीच बांधलेली, कापसाने फुगलेली.

भाऊजींनी मागचं दार उघडलं. दोघी बसल्या. मी पुढून उतरणार होते, ते म्हणाले, बसा, तुम्ही लॅपटॉप पाहा.

एवढ्या पेट्रोलवर गाडी आर्णीलाही पोचली नसती. फाट्यावरच्या किराणा दुकानात मोटारसायकलवाल्यांसाठी बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवलेलं असायचं. दुकानदाराने होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या काढून दिल्या. भाऊजी टाकीत ओतत होते आणि उन्हं तिरपी होती, म्हणून मला बाटलीतून उजेड दिसला. पेट्रोल निळसर होतं. रेशनचं रॉकेल निळं असतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. भाऊजींनी बाटली उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ओतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल दाबाखाली लवकर भडकतं. आमचा सगळा तक्ता चांगल्या पेट्रोलसाठी जुळवलेला होता.

दुकानदार याडीकडे पाहत होता. त्याने हळूच विचारलं, कोनं घेतलं. जाऊ म्हणाली, घेतलं नाही, साप आहे. त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी, तो आत गेला.

आर्णीपर्यंत भाऊजींनी सांभाळून नेली. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केलं, पण म्हणाले, नागाचं विष श्वासावर जातं, मशीन लागू शकतं, यवतमाळला न्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन आधीच गेली होती. ती परत यायची वाट पाहू नका, असं त्यांनीच सांगितलं. पंपावर वळायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. टाकी त्या पेट्रोलनेच अर्धी भरलेली होती.

आर्णी सुटली, रस्ता मोकळा झाला आणि भाऊजींनी पाय दाबला. टर्बोची शीळ चढली. मी स्टेथोस्कोप कानात घातला आणि लगेच काढला. हरभरे नव्हते ते, कोणी टोपलीभर गिट्टी पत्र्यावर ओतत होतं.

"ऐकू येऊन राह्यलं का?" भाऊजींनी विचारलं.

"लय आहे."

"ठिणगी मागे घ्या. सगळीकडे घ्या."

चालत्या गाडीत, खड्ड्यांत, मी अख्खा तक्ता निवडला आणि ठिणगी उशिरा केली. आवाज कमी झाला. आणखी उशिरा केली. गिट्टी थांबली, पण गाडीचा जोर गेला, आणि भाऊजींनी तो भरून काढायला पाय आणखी दाबला. ठिणगी उशिरा टाकली की जाळ इंजिनात संपत नाही, पाइपात येतो. तिकडचं लोखंड तापत जातं. गाडीत तापल्या तव्याचा वास येऊ लागला. समोरून कापसाच्या ट्रॉल्या येत होत्या, त्यांच्यावरून उडालेले कापसाचे पुंजके काचेवर आपटायचे आणि चिकटून राहायचे.

मग मिश्रणाचा आकडा सरकायला लागला. बाराच्या वर गेला. मी पेट्रोल वाढवलं, तो खाली आला, आणि पुन्हा चढू लागला. पुन्हा वाढवलं. पुन्हा तेच. बाटल्यांच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये गेला असणार. लॅपटॉप कितीही पेट्रोल मागो, ते पोचतच नव्हतं. मी भाऊजींना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पाय तसाच ठेवला.

मागून जाऊ म्हणाली, "बाई, तिचे डोये उघडून नाही राह्यले."

याडीच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. ती झोपली नव्हती. आम्ही बोललेलं तिला ऐकू येत होतं, तिची नजर त्या फटीतून माझ्याकडे वळली. तोंडातली लाळ तिला गिळता येत नव्हती. जाऊ पदराने पुसत होती. ती काहीतरी गोरबोलीत म्हणाली, पण शब्द फुटला नाही, नुसता सूर आला.

आकडा तेराच्या पुढे गेला.

"पाय काढा, भाऊजी," मी म्हटलं.

"तिच्याकडे पाहा, अन् मग सांगा."

"पाह्यलं. म्हणूनच सांगून राह्यली. पिस्टन फुटलं तर इथं रस्त्यावर काय करता?"

पाय निघाला नाही. मला समजत होतं की त्यांच्या पायाखाली फक्त पेडल नव्हतं. वर्षभर ते जे जुळवत होते, ते याच वेळेसाठी होतं असं त्यांना त्या क्षणी वाटत असणार. एवढी जोरात जाणारी गाडी हाताशी असताना हळू जायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता.

टर्बोचा दाब सोडणारी एक झडप होती. ती किती दाबाला उघडायची ते कॉम्प्युटर ठरवायचा, आणि कॉम्प्युटरला सांगणारा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. मी त्या झडपेचा आकडा शून्यावर आणला. शीळ उतरली. गाडीचा सगळा ओढा गेला आणि ती आमच्या शेजारच्या मास्तरांच्या गाडीसारखी साधी चालायला लागली. भाऊजींनी पाय तळापर्यंत दाबून पाहिला. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आकडा हळूहळू बाराच्या खाली उतरला.

पुढचा रस्ता मला आजही पुरता आठवतो, कारण तो संपत नव्हता. मघाशी आम्ही मागे टाकलेली एसटी हॉर्न देत आम्हाला ओलांडून गेली. बैलगाड्या दिसल्या की त्यांच्यामागे थांबावं लागत होतं, बाजूने झटकन निघायला जोरच नव्हता. याडीच्या श्वासात मधे मधे पोकळी पडायची. जाऊ श्वासागणिक तिच्या नाकाशी हात धरत होती आणि दर वेळी "आहे" म्हणत होती. कोणी विचारत नव्हतं, तरी म्हणत होती. यवतमाळच्या आधीच्या चढावर एक सिलिंडर मधून मधून चुकायला लागला, गाडी लंगडली. भाऊजी तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर आले आणि तशीच चढवली. मी स्टेथोस्कोप कानात घालून बसले होते. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण काढवत नव्हता.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये स्ट्रेचर आलं तेव्हा याडी श्वास घेत नव्हती, की इतका थोडा घेत होती की दिसत नव्हता. एका नर्सने तिथेच तिच्या तोंडावर रबरी फुगा लावून दाबायला सुरुवात केली आणि ते तिला धावत आत घेऊन गेले. जाऊ त्यांच्यामागे पळाली. तिच्या झोळीतला कापूस वाटेभर पडत गेला.

आम्ही गाडी बाजूला घेतली. अंधारून आलं होतं. बॉनेटच्या फटीतून लाल उजेड दिसत होता. टर्बो चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल झाला होता. तिथून जाणारा एक वॉर्डबॉय थबकला आणि गाडीला आग लागली का, म्हणाला. भाऊजी म्हणाले, नाही, उतरेल. आम्ही दोघं तो लाल रंग उतरेपर्यंत तिथेच उभे राहिलो.

मग त्यांनी विचारलं, "झडप कुठं उघडली तुम्ही?"

मी म्हटलं, नाल्याच्या पुलापाशी. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. रस्ता जुळवला असणार, किती राहिला होता, कोणत्या वेगाने किती वेळ लागला असता. काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या टपरीवरून चहा आणला. माझा कप मला दिला आणि आपला हातात धरून निववत बसले.

याडी वाचली. बरेच दिवस मशीनवर होती. नागाने जिथे धरलं होतं ते बोट काळं पडलं आणि काढावं लागलं. ती तांड्यावर परतली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. गाडीतलं तिला सगळं आठवत होतं. डोळे मिटले होते, बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पिस्टन कोण, असं तिने मला विचारलं. तुम्ही भांडत होता तो माणूस मेला का, म्हणाली. भाऊजी हसले नाहीत. मेला, असं म्हणाले.

इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे होते. एका पिस्टनची वरची कड तुटून गेली होती आणि मधोमध तो पापडासारखा पातळ झाला होता. भाऊजींनी तो रॉकेलने धुऊन माझ्या हातात दिला. मला वाटलं ते म्हणतील, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "हे कुठवर टिकलं असतं, ते कोनीच नाही सांगू शकत. यवतमाळवर पोचलंही असतं." ते खरं होतं. याडी थोडी आधी पोचली असती तर कदाचित मशीनवर इतके दिवस राहावं लागलं नसतं. किंवा आम्ही नाल्यापुढे रस्त्यात उभे राहिलो असतो. यातलं कोणतं, ते मला अजून माहीत नाही.

शर्यतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. टर्बो मात्र काढला नाही. नवीन पिस्टन घातले, आणि एका सकाळी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, आता वाईटातल्या वाईट पेट्रोलवर चालेल असं जुळवू. ठिणगी उशिरा, पण लोखंड तापणार नाही इतपतच. दाब कमी, मिश्रणात पेट्रोल जास्त. मी आकडे खाली आणले. ते पाहून म्हणाले, दाब आणखी एक घर कमी करा. केला. मग मीच आणखी एक घर कमी केलं.

तोवर आमच्या गाडीची बातमी आजूबाजूच्या गावांत गेली होती. त्याच आठवड्यात, दुपारी, कोणीतरी फाटकाशी धावत आलं आणि खांबाला धरून उभं राहिलं, दम लागल्याने त्याला बोलता येत नव्हतं. भाऊजी जेवत होते. कोण, काय झालं, कोनं घेतलं, त्यांनी काहीच विचारलं नाही. हात धुतला आणि खुंटीवरची चावी काढली. मी लॅपटॉप उचलला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.